भाऊजींचा राखाडी रंग

माझे भाऊजी बुद्धभूषण रामटेके यांना अमेरिकेत चित्रकार म्हणून नाव मिळवायचं होतं. ते मिळालं. नेब्रास्कातल्या टिलमन क्रॉसिंग या गावात, लोकसंख्या अकराशे चाळीस, त्यांना न ओळखणारा माणूस नाही. फक्त ज्या कारणासाठी ओळखतात ते त्यांनी मागितलेलं नव्हतं.

भाऊजी मूळचे कामठीचे. त्यांचे वडील प्रल्हाद पेंटर म्हणून थेट कन्हानपर्यंत माहीत होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, आणि चौदा एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेबांची चित्रं. गिऱ्हाईक चित्रासमोर उभं राहायचं, मान तिरपी करायचं आणि एकच शब्द बोलायचं, "हुबेहूब." तो शब्द आला की काम झालं. नाही आला की प्रल्हादकाका चष्म्यामागचे डोळे पुन्हा करत बसायचे. कोटाचा निळा भरणं भाऊजींकडे होतं. दहा वर्षं निळा भरल्यावर त्यांनी ठरवून टाकलं की आपण कशासारखंही न दिसणारं चित्र काढायचं.

नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात त्यांनी तेच केलं. मोठाले कॅनव्हास, त्यावर रंगाचे दोन-तीन पट्टे, बस. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाला प्रल्हादकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले, एकेका चित्रासमोर नीट उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "रंग चांगला बसलाय." पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या तोंडून ही मोठीच दाद होती. भाऊजींना ती आठवडाभर लागून राहिली.

माझी बहीण उपासना तेव्हा एमबीबीएस संपवून अमेरिकेच्या परीक्षा देत होती. दोघांचं जमलं, तेव्हा आईनं विचारलं, "आर्टिस्ट म्हणजे नोकरी कुठं असते?" ताई म्हणाली, "नोकरी मी करीन." ती आजतागायत करते आहे.

डेट्रॉइटला ताईची रेसिडेन्सी, म्हणजे दवाखान्यातलं प्रशिक्षण, होती, ती वर्षं भाऊजींची चैनीची गेली. आठवड्यातून तीन दिवस म्युझियम, उरलेले दिवस स्वयंपाक आणि चित्रं. मग व्हिसाची अट आली. परदेशी डॉक्टरला रेसिडेन्सीनंतर मायदेशी परत जायचं नसेल, तर जिथं डॉक्टर मिळत नाहीत अशा गावात तीन वर्षं काढावी लागतात. ताईनं पाच ठिकाणी अर्ज केले. टिलमन क्रॉसिंगचा फोन पहिला आला.

तिथं पोचल्यावर ताईनं मला फोन केला. मी तेव्हा नुकतीच पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला, एका बायोटेक कंपनीत लागले होते. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "सोनल, इथं काहीच नाही गं."

भाऊजींनी तिच्या हातातून फोन घेतला. "सोनल, इथं खरंच काहीच नाही," ते म्हणाले, आणि त्यांना आनंद लपवता येत नव्हता.

वर आभाळाचा पट्टा, खाली शेताचा पट्टा, मध्ये रेघ. जे काढायला ते कॉलेजात धडपडत होते ते खिडकीबाहेर तयार होतं. वर्क परमिट यायला अडीच वर्षं लागली. तेवढ्या काळात भाऊजींनी माझ्या भाचीला, केयाला, सांभाळलं, डाळ-भात-वांग्याची भाजी केली आणि गॅरेजमध्ये साठ-सत्तर चित्रं काढली. गावातल्या बँकेच्या मॅनेजरनं, त्याची दाढ दुखत असताना ताईनं सुट्टीच्या दिवशी त्याला बघितलं म्हणून, बँकेच्या लॉबीत ती चित्रं लावायला परवानगी दिली.

अमेरिकेतलं ते त्यांचं पहिलं प्रदर्शन. शेतकरी आले, टोप्या काढल्या, कॉफीचे कागदी कप हातात धरून उभे राहिले. लेन कुसेरा नावाचा साठीतला एक शेतकरी एका चित्रासमोरून हलेना. भाऊजी उत्सुकतेनं त्याच्याजवळ गेले.

"हे माझं पश्चिमेचं शेत आहे," लेन म्हणाला.

"नाही," भाऊजी म्हणाले, "हे कशाचंच चित्र नाही. हे फक्त रंग आहेत."

"बरं," लेन म्हणाला. मग बोटानं एक जागा दाखवली. "इथं पाणी साचतं. ते बरोबर आलंय."

तेवढ्यात डॅरेल विटमन आला. डॅरेल लेनचा शेजारी, दोघांच्या शेतांमध्ये एक तारेचं कुंपण. शिवाय तो शाळेच्या बोर्डाचा अध्यक्ष. उंच, हसरा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं दुसऱ्या चित्राकडे पाहिलं. "आणि ही माझी गारपिटीनंतरची मका."

भाऊजींनी त्यालाही समजावलं. चित्र कल्पनेतून येतं, डोळ्यांतून नव्हे, कशाची नक्कल करणं हे चित्राचं काम नाही, वगैरे. त्या संध्याकाळी हे त्यांनी किमान वीस लोकांना समजावलं. लोक सभ्य होते, मान डोलवत होते, आणि भाऊजी पुढे सरकले की आपापसात कुठलं शेत कुणाचं ते ठरवत होते.

उलट आपली माणसं. पूर्व किनाऱ्याकडच्या वेस्ट विंडसरमधल्या आपल्या मंडळींनी आंबेडकर जयंतीसाठी भाऊजींना बाबासाहेबांचं चित्र मागितलं. भाऊजी म्हणाले, वडिलांनी दोनशे काढलीत, त्यांच्या पुढं जाईन असं मला वाटत नाही, मी माझं एक चित्र पाठवतो. ते लावलं गेलं. तिथले एक धम्मदीप काका, निवृत्त केमिकल इंजिनिअर, त्यांनी दहा मिनिटं त्या चित्रावर भाषण केलं. शून्यता, तृष्णेचा क्षय, सगळं त्यात होतं. मग फोन करून भाऊजींना विचारलं, "बरोबर सांगितलं ना मी?"

भाऊजी म्हणाले, "काका, ती मका आहे. ऑगस्टमधली."

फोन ठेवल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय बोललो.

शाळेची गोष्ट अशी की तिथं चार वर्षं कलाशिक्षक नव्हता. व्हॉलिबॉलची कोच मुलांना रंगीत कागद वाटायची आणि मोबाइल बघत बसायची. वर्क परमिट आल्याबरोबर डॅरेल विटमन स्वतः घरी आला, येताना हरणाच्या मांसाची पिशवी घेऊन. इंटरव्ह्यूला भाऊजी लॅपटॉपवर चित्रं घेऊन गेले. मुख्याध्यापक बाईंनी दोन चित्रं बघितली आणि विचारलं, "नोटिस बोर्ड सजवता येतील?" येतील म्हणाले. "बस चालवता येते?" ते म्हणाले, शिकीन. नोकरी मिळाली. 'बुद्धभूषण' कुणाला म्हणता येईना, मुलांनी 'मिस्टर बी' करून टाकलं.

शिक्षक म्हणून ते चांगलेच निघाले, यात त्यांना स्वतःलाही नवल वाटलं. मुलांना ते हिरव्या रंगाची ट्यूब वापरू द्यायचे नाहीत. निळा आणि पिवळा मिसळा म्हणायचे, आणि बाहेर जो दिसतोय तो होईपर्यंत मिसळत राहा. एकदा मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तर म्हणता चित्र डोळ्यांतून येत नाही?" ते म्हणाले, "मुलांचं वेगळं असतं."

दोन हजार एकवीसचा उन्हाळा. शाळा बंद. भाऊजींनी रोजचा एक नेम धरला. सकाळी आठ वाजता पिकअप घेऊन काउंटी रस्त्याच्या कडेला एकाच जागी थांबायचं, पूर्वेकडे तोंड करून, आणि वीतभर लाकडी फळीवर समोरचे रंग लावायचे. तासाभरात एक फळी. मागं तारीख. समोर लेन कुसेराचं सोयाबीन होतं. उजव्या हाताला, कुंपणापलीकडे, डॅरेलचं शेत. भाऊजींच्या लेखी समोर शेत नव्हतंच, हिरव्याच्या छटा होत्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा मला ऑफिसमध्ये फोन आला. ते कधी कामाच्या वेळेत करत नाहीत. मी घाबरून बाहेर गेले.

"सोनल, मला माझा राखाडी सापडला."

"म्हणजे काय भाऊजी?"

"इतकी वर्षं हिरव्यात अडकलो होतो. आता बघ, उजवीकडून एक रुपेरी, राखाडी झाक आत येतेय. रोज थोडी डावीकडे सरकते. चित्राला श्वास मिळालाय. हे मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम आहे."

त्यांनी फोटो पाठवले. मला चित्रातलं कळत नाही, प्रयोगशाळेत माझा दिवस नळ्यांमध्ये जातो, पण खरंच ती चित्रं सुंदर होती. हिरव्यावर कुणीतरी हलकेच फुंकर मारल्यासारखी. मी तसं लिहिलं. त्यांनी तीन हृदयं पाठवली.

जुलैच्या अखेरीस लेन कुसेरा आपल्या शेतात आत गेला. मधला महिनाभर त्याची बायको ओमाहाच्या दवाखान्यात होती आणि तो तिच्या उशाशी. परत येऊन बघतो तर सोयाबीनची पानं वाटीसारखी आत वळलेली, कडा पांढरट, वाढ खुंटलेली. कुठल्याही शेतकऱ्याला कळलं असतं, तणनाशक लागलंय. डॅरेलनं एकोणीस जूनला आपल्या शेतात फवारणी केली होती. लेनचं म्हणणं, त्या दिवशी वारा दक्षिणेचा होता, औषध उडून माझ्याकडे आलं. डॅरेलचं म्हणणं, लेननं आठ जूनला स्वतःच्या शेतात फवारा मारला, तेव्हा त्याची टाकी नीट धुतलेली नव्हती, त्याचंच औषध त्याला बाधलं. औषधाचा परिणाम पानांवर दिसायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून नुकसान कधी सुरू झालं आणि कुठल्या बाजूनं, एवढ्यावर सगळं अडलं होतं. आणि लेनकडे त्या दिवसांचा एकही फोटो नव्हता.

गावात कोणीतरी त्याला सांगितलं, मिस्टर बी रोज तुझ्या शेतासमोर बसलेले असायचे.

लेन गॅरेजमध्ये आला तेव्हा भाऊजींनी सगळ्या फळ्या भिंतीवर ओळीनं लावल्या होत्या. त्यांना वाटलं, हा चित्रं बघायला आलाय. त्यांनी चहा आणला. लेन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, आणि रंगाच्या डब्यावर खाली बसला.

"हे कधीचं?"

"अठ्ठावीस जून."

"तुला हे तेव्हा दिसलं होतं?"

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

ही गोष्ट भाऊजींनी मला नंतर सांगितली. त्यांचे मामा रामटेकजवळ सोयाबीन पेरायचे, सुट्टीत ते स्वतः त्या शेतांतून हिंडलेले होते. निरोगी सोयाबीनचा रंग काय असतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "आणि मी त्याला श्वास म्हणत होतो," ते म्हणाले. लेननं चहा संपवला, कप सिंकमध्ये धुऊन ठेवला आणि म्हणाला, "सुंदर आहेत. ते खोटं नाही." आणि गेला.

पंधरा दिवसांनी लेनच्या वकिलाचं पत्र आलं, साक्षीला या म्हणून. त्यानंतर चार दिवसांनी डॅरेल विटमन आला. या वेळी हातात पिशवी नव्हती.

डॅरेल वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. ताईची गाडी बर्फात अडकली तेव्हा ट्रॅक्टर घेऊन तोच आला होता. त्यानं स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मिस्टर बी, मला चित्रातलं कळत नाही. पण बँकेतल्या त्या दिवसापासून तू आम्हाला एकच गोष्ट सांगतो आहेस. ही कशाची चित्रं नाहीत. कल्पनेतून येतात. बरोबर?"

"बरोबर."

"तेवढंच कोर्टात सांग. मी तुला खोटं बोलायला सांगत नाहीये. तू नेहमी जे बोलतोस तेच बोल."

भाऊजींना त्यात एकही चूक काढता येईना. डॅरेल गेल्यावर ते ताईला म्हणाले, "आता काय करू?"

ताई केयाची वेणी घालत होती. "दोघंही माझे पेशंट आहेत. एकाचं ब्लडप्रेशर वाढणारच आहे. मला नको विचारूस, भूषण."

कोर्टाची तारीख मार्चमध्ये लागली. ताईला क्लिनिक सोडता येईना, म्हणून केयाला सांभाळायला मी बॉथेलहून आले आणि शेवटी केयाला शाळेत सोडून कोर्टात जाऊन बसले. काउंटीचं जुनं विटांचं कोर्ट, आत जमिनीला पॉलिशचा वास. गावातले तीस-चाळीस लोक आलेले. भाऊजींनी नागपूरहून आणलेला लग्नातला कोट घातला होता, तो आता पोटावर बसत नव्हता.

सव्वीस फळ्यांपैकी अकरा निवडून आणल्या होत्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर टाकला होता. 'एक्झिबिट एक' पासून 'एक्झिबिट अकरा' पर्यंत. भाऊजी माझ्याकडे झुकून पुटपुटले, "आयुष्यभर एक्झिबिशन मागितलं, अर्धंच मिळालं." मला हसू आलं आणि पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं.

लेनच्या वकिलानं साधे प्रश्न विचारले. कुठं बसलात, किती वाजता, तारीख केव्हा लिहिलीत. मग डॅरेलची वकील उठली. चाळिशीची, नीटनेटकी, ओमाहाहून आलेली. तिनं एक कागद हातात घेतला.

"मिस्टर रामटेके, हे तुमच्या वेबसाइटवरून घेतलंय. 'माझी चित्रं कशाचीही नक्कल करत नाहीत. त्यांचा बाहेरच्या जगातल्या कुठल्याही वस्तूशी संबंध नाही.' हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"कोणाच्या दबावाखाली?"

"नाही."

"आणि आज तुम्ही शपथेवर सांगता की हे मिस्टर कुसेरांचं शेत आहे, जसंच्या तसं. मग दोन्हीपैकी खोटं काय, वेबसाइट की शपथ?"

भाऊजींनी त्या कागदाकडे बघितलं. ते वाक्य लिहायला त्यांना तीन महिने लागले होते. इंग्रजी तपासायला मलाच पाठवलं होतं.

"वेबसाइट," ते म्हणाले.

"मोठ्यानं सांगाल?"

"वेबसाइटवरचं खोटं आहे. म्हणजे लिहिताना मला ते खरं वाटत होतं. पण मी जो रंग दिसला तोच लावला. दुसरं काही मला सुचलंच नाही."

मागं कुणीतरी खोकलं. वकीलबाई तयारच होती. "म्हणजे तुम्ही कॅमेरा आहात?"

"नाही. कॅमेऱ्याला हा राखाडी जमला नसता."

आता न्यायाधीश मध्ये पडले. सत्तरीला आलेले, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी विचारलं, फळ्यांवरच्या तारखा फक्त मागं आहेत ना? हो. मग ते स्वतः खाली उतरले, शिपायाला सांगून नंबरांच्या पट्ट्या कागदानं झाकून घेतल्या आणि अकराही फळ्या पत्त्यांसारख्या पिसल्या. साक्षीदाराच्या कठड्यासमोरच्या लांब टेबलावर त्या पालथ्या न करता पसरल्या आणि बघत उभे राहिले.

न्यायाधीश एक फळी उचलत, खिडकीच्या उजेडात नेत, परत आणून दुसरीच्या शेजारी ठेवत. कधी दोन पावलं मागं जात. कधी चष्मा काढून डोळे बारीक करत. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, बावीस मिनिटं झाली होती. भाऊजींचा चेहरा मी त्या दिवसाआधी तसा कधी पाहिला नव्हता. त्यांच्या चित्रांकडे सलग बावीस मिनिटं कुणीच बघितलेलं नव्हतं. ना नागपुरात, ना बँकेत. मीही नाही.

शेवटी फळ्यांची एक ओळ तयार झाली. न्यायाधीशांनी शिपायाला मागच्या तारखा वाचायला सांगितल्या. पंधरा जून, अठरा, एकवीस, तेवीस, सव्वीस, अठ्ठावीस. जुलैमधल्या दोन तारखा उलट्यासुलट्या झाल्या होत्या. बाकी सगळ्या बरोबर.

"मी सोयाबीनवर वाढलो," न्यायाधीश म्हणाले, कुणालाच उद्देशून नव्हे. "सव्वीसपर्यंत शेत ठीक आहे. आजार उजवीकडून आत आलाय, सगळीकडे एकदम नाही." मग भाऊजींकडे वळून म्हणाले, "या दोन का चुकल्या?"

"त्या दिवसांत ढग होते, युअर ऑनर," भाऊजी म्हणाले. "चूक माझी आहे."

निकाल लेनच्या बाजूनं लागला. पूर्ण नाही, पण बराचसा. बाहेर पायऱ्यांवर लेननं भाऊजींचा हात दाबला. एका म्हाताऱ्यानं त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "अगदी तसंच होतं ते शेत, मिस्टर बी. अगदी तस्संच." मी भाऊजींकडे बघितलं. ते थँक यू म्हणाले. गाडीत बसल्यावर मात्र कोटाची बटणं काढत मराठीत म्हणाले, "घे, हुबेहूब. झालं काम."

एप्रिलमध्ये शाळेच्या बोर्डापुढे बजेट आलं आणि कलाशिक्षकाची जागा अर्ध्या वेळेची करण्याचा प्रस्ताव निघाला. सगळ्या गावाला वाटलं, डॅरेल सूड घेणार. डॅरेलनं उभं राहून सांगितलं की माझा या माणसाशी कोर्टाचा संबंध आलाय, म्हणून मी मतदान करणार नाही. आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. प्रस्ताव एका मतानं पास झाला. बाहेर आल्यावर तो भाऊजींना म्हणाला, "मी आत असतो तर तुझ्या बाजूनं मत दिलं असतं." ते खरंच होतं, असं भाऊजींना वाटतं. त्याच्या सज्जनपणामुळे त्यांची अर्धी नोकरी गेली.

उरलेल्या अर्ध्या वेळात ते शाळेची बस चालवू लागले. सकाळी साडेसहाला निघायचं, बावन्न मैलांचा फेरा, एकवीस मुलं. आईनं नागपूरहून विचारलं, "जावई आता ड्रायव्हर झाले का गं?" ताई म्हणाली, "अर्धे."

पण त्या बसमधून काहीतरी निराळंच सुरू झालं. भाऊजी एखाद्या शेताजवळ बस हळू करत आणि विचारत, "मंगळवारपेक्षा काय बदललं?" शेतकऱ्यांचीच मुलं ती. ती सांगत, आणि घरी जाऊनही सांगत. त्या हंगामात तिघा शेतकऱ्यांनी शाळेत येऊन विचारलं की मिस्टर बी आमच्या शेताचीही चित्रं काढतील का, आठवड्याला एक, मागं तारीख टाकून. पहिला कोण होता ते सांगायला नको. डॅरेल विटमन. "या वर्षी वारा दुसऱ्या बाजूचा आहे," तो म्हणाला, "आणि पलीकडे लेन फवारतो."

शाळेच्या शेती शिक्षकाला ही कल्पना आवडली. कलेसाठी शाळेकडे पैसा नव्हता, शेती शिक्षणासाठी राज्याचा होता. दोन हजार तेवीसपासून भाऊजी पुन्हा पूर्ण वेळ शिक्षक आहेत. विषयाचं नाव 'पीक निरीक्षण'. शाळेच्या वेबसाइटवर त्यांचा फोटो शेती विभागात आहे, ट्रॅक्टर दुरुस्ती शिकवणाऱ्या सरांच्या शेजारी. मुलं मंगळवारी शेताच्या बांधावर बसून निळा आणि पिवळा मिसळतात. काउंटीच्या जत्रेत त्यांची चित्रं कलेच्या दालनात ठेवायला जागा नव्हती, म्हणून भोपळे आणि मक्याच्या कणसांबरोबर लावली गेली. एका मुलीला पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. बक्षीसपत्रावर छापलं होतं, 'उत्कृष्ट धान्य'.

वर्तमानपत्रात बातमी आल्यावर कॅन्सस सिटीच्या एका गॅलरीनं भाऊजींना पत्र लिहिलं. त्यांना प्रदर्शन करायचं होतं, पण फक्त त्या अकरा फळ्यांचं. बाकीचं काम बघितलं, छान आहे, पण नको. आणि त्या अकरा कोर्टाच्या ताब्यात होत्या, कारण डॅरेलच्या विमा कंपनीनं वर अपील केलं होतं. गॅलरीनं वर्षभर वाट बघितली आणि मग दुसऱ्या कुणाचं तरी प्रदर्शन लावलं.

गेल्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा अपील कधीच मागं घेतलेलं होतं. फळ्या मिळवायला फक्त एक फॉर्म भरायचा होता, तो भाऊजींनी आठ महिने भरला नव्हता. ताई म्हणाली, "सोनल, तूच ने यांना." म्हणून मी त्यांना नेलं.

क्लार्कच्या खिडकीमागं जोलीन नावाची बाई होती, साठीच्या आसपासची. तिनं फॉर्म बघितला, नाव बघितलं आणि आत जाऊन जाड खाकी पाकीट घेऊन आली. ते देताना तिचा हात जरा रेंगाळला.

"मला एक कबूल करायचंय," ती म्हणाली. "हे नियमात बसत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी रोज एक काढून टेबलावर ठेवायची. माझ्या वडिलांचं शेत त्याच रस्त्यावर होतं. विकलं आता."

भाऊजींनी पाकीट उघडलं आणि अकराही फळ्या काउंटरवर मांडल्या. "एक ठेवून घ्या," ते म्हणाले. "कुठली हवी ती."

मला वाटलं, ती राखाडीतली घेईल. अठ्ठावीस जूनची, किंवा जुलैमधली, जिच्याकडे न्यायाधीशही सगळ्यात जास्त वेळ बघत उभे होते. जोलीननं क्षणभरही विचार केला नाही. तेवीस जूनची उचलली. नुसती हिरवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत, काही न घडलेली.

"ही," ती म्हणाली. "सही कराल?"

भाऊजींनी तिच्याच पेननं मागं तारखेखाली सही केली. बाहेर ऊन कडक होतं. पार्किंगमध्ये दहा फळ्यांचं पाकीट काखेत धरून ते बराच वेळ गाडीची किल्ली खिशात चाचपत राहिले.

"त्या दिवशी मला घाई होती," ते शेवटी म्हणाले. "केयाला डेंटिस्टकडे न्यायचं होतं. वीस मिनिटांत उरकली होती ती."

"आवडली ना तिला?"

"तेच तर," ते म्हणाले, आणि घरी येईपर्यंत रुसून गाडी चालवत राहिले.